नेम्डला वेसण : डीएनएस सर्व्हरसाठी एसईलिनक्स आणि अ‍ॅपआर्मर, पहिल्यापासून

डीएनएस सर्व्हरला, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला, जगातला कोणीही पॅकेट पाठवू शकतो, आणि ते उघडून वाचल्याशिवाय सर्व्हरची सुटका नसते. वेबसाइटला निदान लॉगिन तरी असतं. इथे तेही नाही. त्यामुळे पॅकेट वाचणाऱ्या कोडमध्ये चूक सापडली की हल्लेखोराला थेट आत शिरायला वाट मिळते. जानेवारी २००१ मध्ये बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरच्या (नेम्ड हा त्याचाच प्रोग्राम) ८ व्या आवृत्तीत, टीसिगच्या म्हणजे संदेशांवरच्या सह्यांच्या हाताळणीतली बफर ओव्हरफ्लोची (ठरलेल्या जागेबाहेर मजकूर लिहिला जाण्याची) चूक जाहीर झाली. मार्चमध्ये लायन नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) त्याच चुकीवरून लिनक्स यंत्रांमध्ये घुसत सुटला. तो पासवर्डच्या फाइली बाहेर पाठवायचा आणि रूटकिट (लपून ताबा ठेवणारं साधन) बसवायचा. आता जरा विचार करा, नावांची उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामला पासवर्डच्या फाइलीशी काय देणंघेणं? काहीच नाही. तरीही तो रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत असेल, तर त्याला अडवणारं कोणी नसतं.

हे अडवण्याचं काम मॅक, म्हणजे मँडेटरी अ‍ॅक्सेस कंट्रोल, करतं. लिनक्सवर त्याची दोन रूपं सर्रास भेटतात. फेडोरा, रेड हॅट आणि त्यांच्या कुटुंबात एसईलिनक्स असतं, तर उबुंटू आणि डेबियनवर अ‍ॅपआर्मर. एसईलिनक्स अमेरिकेच्या एनएसएने डिसेंबर २००० मध्ये लोकांसाठी खुलं केलं आणि २.६ मालिकेपासून ते मुख्य कर्नलमध्ये आहे. अ‍ॅपआर्मर मुख्य कर्नलमध्ये आलं ते २०१० मध्ये, २.६.३६ आवृत्तीत.

नवख्या माणसाचा पहिला गैरसमज असा, की डीएनएससाठी पॉलिसी, म्हणजे प्रोग्रामला काय करता येईल याची नियमावली, आपल्याला लिहायची आहे. तसं नाही. ती लिहून तयार असते, आणि अनेक वर्षं घासूनपुसून घेतलेली असते. आपलं काम दोनच गोष्टींचं : ती खरोखर लागू आहे ना हे तपासायचं, आणि आपल्या फाइली तिला अपेक्षित असलेल्या जागी ठेवायच्या. फाइलीसाठी पॉलिसी वाकवायला निघालात, की गाडी रुळावरून घसरलीच म्हणून समजा.

या लेखात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, आणि डिरेक्टरींच्या मार्गांतली तिरकी रेष जोडचिन्हाने दाखवली आहे. टर्मिनलवर ती नेहमीसारखी रोमन लिपीत टाइप करायची.

आधी हे समजून घ्या : दोन फाटकं

आपल्याला सवयीच्या असलेल्या परवानग्या, म्हणजे मालक, गट, वाचणं, लिहिणं, या फाइलीच्या मालकाच्या मर्जीवर असतात. मालकाने सीएचमॉड ७७७ केलं की सगळ्यांना रान मोकळं. मॅकमध्ये मर्जी पॉलिसीची चालते आणि ती कर्नल अमलात आणतो. प्रोग्राम रूट म्हणून चालत असला तरी पॉलिसीत नसलेलं काम त्याला करता येत नाही.

दोन्ही तपासण्या होतात आणि क्रम ठरलेला आहे : आधी साध्या परवानग्या, मग मॅक. पहिल्या फाटकावरच अडलात तर दुसऱ्याच्या लॉगमध्ये तुमची नोंदच होत नाही. म्हणून 'परमिशन डिनाइड' दिसलं पण एसईलिनक्सच्या लॉगमध्ये काहीच नाही, तर आधी 'एलएस -एल' करून मालकी बघा. उलट, पहिलं फाटक सताड उघडल्याने दुसरं उघडत नाही. सीएचमॉड ७७७ करूनही चूक जात नाही तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं, आणि तो ७७७ मात्र नंतर तसाच विसरला जातो.

पायरी १ : नेम्ड खरंच बांधलेला आहे का?

बाइंडचा डेमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम) म्हणजे नेम्ड. एसईलिनक्सच्या यंत्रावर आधी 'गेटएनफोर्स' चालवा, उत्तर 'एनफोर्सिंग' (पॉलिसी लागू) आलं पाहिजे. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. यंत्र एनफोर्सिंग आहे, याचा अर्थ नेम्ड त्याच्या हद्दीत आहे असा होत नाही. त्यासाठी 'पीएस' ला ई आणि मोठा झेड हे पर्याय देऊन नेम्डची ओळ शोधा. एसईलिनक्स प्रत्येक प्रक्रियेला आणि फाइलीला लेबल, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, लावतं. त्या लेबलच्या तिसऱ्या भागात 'नेम्ड_टी' दिसायला हवं. एसईलिनक्सच्या भाषेत याला डोमेन म्हणतात. डीएनएसमधल्या डोमेनशी त्याचा काही संबंध नाही.

'नेम्ड_टी' ऐवजी 'अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी' दिसलं तर पॉलिसी असून नसल्यासारखी आहे. असं होण्याची नेहमीची वाट म्हणजे कोणीतरी बाइंड सोर्सवरून कंपाइल करून यूएसआर-लोकलखाली बसवलेलं असतं. डोमेनमधला प्रवेश एक्झिक्यूटेबल फाइलीच्या लेबलवरून ठरतो. पॅकेजमधून आलेल्या नेम्डवर 'नेम्ड_एक्झेक_टी' असतं, म्हणून सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीने तो सुरू केला की कर्नल त्याला 'नेम्ड_टी' मध्ये ढकलतो. हाताने बसवलेल्या फाइलीवर मात्र साधं 'बिन_टी' लेबल बसलेलं असतं. मग सगळं सुरळीत चालतं, कसलीच तक्रार येत नाही, आणि संरक्षणही नसतं. रूटच्या शेलमधून नेम्ड थेट चालवला तरी तो तुमच्याच मोकळ्या डोमेनमध्ये राहतो. म्हणून चालू-बंद करायचं ते 'सिस्टमसीटीएल' नेच.

अ‍ॅपआर्मरवर हाच धोका वेगळ्या रूपात येतो. तिथे प्रोफाइल (एका प्रोग्रामसाठीचे नियम) फाइलीच्या मार्गावरून लागू होतं आणि ते यूएसआर-एसबिनमधल्या नेम्डसाठी लिहिलेलं असतं. दुसऱ्या जागेवरून चालवलेला नेम्ड त्याच्या कक्षेत येतच नाही. 'एए-स्टेटस' चालवा आणि नेम्डची प्रक्रिया 'एनफोर्स मोड' च्या यादीत आहे ना ते बघा. नुसतं प्रोफाइल लोड झालेलं असणं पुरेसं नाही. प्रोफाइल लोड होण्याआधीपासून चालू असलेली प्रक्रिया मोकळीच राहते, ती पुन्हा सुरू करावी लागते.

जाता जाता : फेडोराच्या पॉलिसीत अनबाउंड हा रिझॉल्व्हरही (इतर सर्व्हरना विचारून उत्तर शोधून देणारा प्रोग्राम) 'नेम्ड_टी' मध्येच चालतो. त्यामुळे अनबाउंडच्या चुका शोधताना लॉगमध्ये नेम्डचं नाव दिसलं तर गोंधळू नका.

पायरी २ : कोणती फाइल कुठे

निम्म्याहून अधिक अडचणी इथूनच येतात, त्यामुळे ही पायरी सावकाश वाचा.

एसईलिनक्समध्ये फाइलीचं लेबल 'एलएस' ला मोठा झेड देऊन दिसतं. नेम्डच्या दृष्टीने चार लेबलं महत्त्वाची. 'नेम्ड_कॉन्फ_टी' ईटीसीमधल्या नेम्ड.कॉन्फसारख्या कॉन्फिगरेशनसाठी. 'नेम्ड_झोन_टी' व्हार-नेम्ड डिरेक्टरीसाठी, जिथे तुम्ही हाताने लिहिलेल्या झोन फाइली (तुमच्या डोमेनमधली नावं आणि त्यांचे पत्ते) राहतात. 'नेम्ड_कॅश_टी' त्याच डिरेक्टरीतल्या स्लेव्ह्ज, डायनॅमिक आणि डेटा या उपडिरेक्टरींसाठी. आणि 'नेम्ड_लॉग_टी' लॉगसाठी.

या विभागणीमागचा विचार एकदा पटला की पुढचं पाठ करावं लागत नाही. ज्या माहितीचा उगम तुम्ही आहात, ती नेम्डने फक्त वाचायची. जी माहिती नेम्ड स्वतः तयार करतो किंवा दुसऱ्या सर्व्हरकडून आणतो, ती त्याने लिहायची, पण वेगळ्या जागी. नेम्ड उद्या हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तरी तुमच्या मूळ झोन फाइलीत त्याला खाडाखोड करता येऊ नये, हा हेतू. अ‍ॅपआर्मरचं प्रोफाइलही हाच विचार वेगळ्या मार्गांनी मांडतं. ईटीसी-बाइंड फक्त वाचायला, व्हार-लिब-बाइंड डायनॅमिक झोन आणि त्यांच्या जर्नलसाठी, व्हार-कॅश-बाइंड दुय्यम, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरकडून आणलेल्या, झोनच्या प्रतींसाठी.

आता नवखा माणूस कुठे अडखळतो ते बघू. झोन डायनॅमिक केला, म्हणजे डीएचसीपी किंवा एखाद्या स्क्रिप्टकडून त्यात बदल येऊ लागले, की नेम्ड झोन फाइलीच्या शेजारी .जेएनएल शेपटीची जर्नल फाइल तयार करतो. शेजारी म्हणजे त्याच डिरेक्टरीत. झोन फाइलीवर लिहिण्याची परवानगी देऊन हे सुटत नाही, डिरेक्टरीतच नवी फाइल करता आली पाहिजे. दुय्यम झोनचंही तसंच : आधी टीएमपीने सुरू होणाऱ्या नावाची तात्पुरती फाइल लिहायची, मग तिचं नाव बदलायचं. लॉगमध्ये 'डंपिंग मास्टर फाइल' आणि पुढे 'परमिशन डिनाइड' दिसलं की समजा, दुय्यम झोन चुकीच्या डिरेक्टरीत ठेवलेला आहे. उत्तरांवर डिजिटल सही करणाऱ्या डीएनएससेकसाठी बाइंड ९.१६ पासून आलेली डीएनएससेक-पॉलिसी वापरत असाल तर किल्ल्या नेम्ड स्वतः तयार करतो आणि बदलतो, म्हणून किल्ल्यांची डिरेक्टरीही लिहिता येईल अशीच लागते. किल्ल्यांच्या जागेचा विसर लगेच लक्षात येत नाही. पहिली किल्ली तुम्ही हाताने बनवून ठेवलेली असेल, तर ती बदलायची वेळ येते तेव्हाच बिंग फुटतं.

या सगळ्यावर उपाय एकच : झोन योग्य उपडिरेक्टरीत हलवा आणि नेम्ड.कॉन्फमधला मार्ग बदला.

'नेम्ड_राइट_मास्टर_झोन्स' नावाचं बूलियन, म्हणजे पॉलिसीतलं चालू-बंद करायचं बटण, आहे, ते चालू असेल तर नेम्डला 'नेम्ड_झोन_टी' वरही लिहिता येतं. काही वितरणांत बाइंडचं पॅकेजच ते चालू करून ठेवतं. 'गेटसीबूल' ने तुमच्याकडची स्थिती बघा. सगळे डायनॅमिक झोन नीट डायनॅमिक डिरेक्टरीत असतील, तर 'सेटसीबूल' ला मोठा पी देऊन ते कायमचं बंद करावं, असं माझं मत. तो मोठा पी विसरलात तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बदल नाहीसा होतो.

पायरी ३ : लेबलं दुरुस्त करणं

झोन फाइल रूटच्या होम डिरेक्टरीत लिहिली आणि एमव्हीने व्हार-नेम्डमध्ये हलवली, तर ती आपलं जुनं लेबल, 'अ‍ॅडमिन_होम_टी', बरोबर घेऊन येते. मालकी बरोबर, परवानग्या बरोबर, नेम्ड-चेकझोन म्हणतो 'ओके', आणि तरी सर्व्हर 'सर्व्हफेल' (उत्तर देता आलं नाही) देतो. नेम्ड-चेकझोन तुमच्या शेलमध्ये, तुमच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे त्याच्या 'ओके' चा या बाबतीत काही उपयोग नाही. सीपी केलं असतं तर नव्या फाइलीला नव्या डिरेक्टरीचं लेबल मिळालं असतं.

उपाय सोपा आहे. व्हार-नेम्डवर 'रिस्टोरकॉन' चालवा, मोठा आर आणि छोटा व्ही देऊन. आधी एन हा पर्यायही जोडा, म्हणजे काय बदलणार आहे ते नुसतं दिसेल आणि प्रत्यक्षात काही बदलणार नाही. मग एन काढून पुन्हा चालवा.

झोन फाइली एसआरव्हीखाली किंवा वेगळ्या डिस्कवरच ठेवायच्या असतील तर रिस्टोरकॉनला ती जागा माहीत नसते. तिची नोंद 'सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने करायची. ए पर्यायाने जोडणी, टी पर्यायापुढे लेबलाचं नाव, आणि शेवटी अवतरणचिन्हांत मार्गाचा पॅटर्न. त्यानंतर रिस्टोरकॉन. नुसती नोंद करून लेबल बदलत नाही, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. 'सीएचकॉन' ने लेबल तात्काळ बदलतं खरं, पण फाइलसिस्टमचं पुन्हा लेबलिंग झालं की ते पुसलं जातं. प्रयोगापुरतं ठीक, सर्व्हरवर कायमचा उपाय म्हणून नको.

अ‍ॅपआर्मरमध्ये लेबलं नाहीत, मार्ग आहेत, त्यामुळे एमव्हीची भानगड नाही. वेगळी जागा वापरायची असेल तर ईटीसीमधल्या अ‍ॅपआर्मर.डी खालच्या लोकल डिरेक्टरीत नेम्डच्या प्रोफाइलच्याच नावाची फाइल असते, तिच्यात ओळ जोडा : मार्ग, दोन तारका, परवानगीचं अक्षर, आणि शेवटी स्वल्पविराम. तो स्वल्पविराम राहिला तर प्रोफाइल लोडच होत नाही. मग 'अ‍ॅपआर्मर_पार्सर' ला आर देऊन मुख्य प्रोफाइल पुन्हा लोड करा, लोकल फाइल नव्हे. मुख्य प्रोफाइलला हात लावू नका, नाहीतर पॅकेज अपडेटच्या वेळी कुठली आवृत्ती ठेवायची हा प्रश्न दर वेळी समोर येतो.

पायरी ४ : पोर्ट

पोर्टांनाही लेबलं असतात. ५३ वर 'डीएनएस_पोर्ट_टी', आणि नेम्डला हुकूम देणाऱ्या आरएनडीसी या साधनाच्या ९५३ वर 'आरएनडीसी_पोर्ट_टी'. पॉलिसी नेम्डला १०२३ च्या वरच्या यूडीपी पोर्टांवर मोकळीक देते. ते ढिसाळपणाने केलेलं नाही. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी कॅशमध्ये खोटी उत्तरं घुसवण्याची पद्धत दाखवल्यानंतर प्रत्येक प्रश्न वेगळ्या, यादृच्छिक पोर्टावरून पाठवणं हा मुख्य बचाव ठरला, आणि पॉलिसीने त्याला जागा ठेवायलाच हवी. टीसीपीसाठी मात्र हात आखडता आहे.

बाइंड ९.१८ मध्ये टीएलएस आणि एचटीटीपीएसवरून डीएनएस देण्याची सोय आली. ४४३ वर ऐकायचं तर 'नेम्ड_टीसीपी_बाइंड_एचटीटीपी_पोर्ट' हे बूलियन चालू करावं लागतं. ८५३ साठी 'सेमॅनेज पोर्ट' ला एल देऊन 'डीएनएस_पोर्ट_टी' च्या यादीत तो आहे का ते बघा. जुन्या पॉलिसीत नसेल तर त्याच साधनाने जोडा.

पायरी ५ : नकार वाचायला शिका

नकार आला की तो ऑडिट लॉगमध्ये 'एव्हीसी' या नावाने नोंदला जातो. 'एयूसर्च' ला एम पर्यायाने एव्हीसी आणि टीएस पर्यायाने 'रीसेंट' द्या, गेल्या दहा मिनिटांतले नकार दिसतील. इथे एक खाचखळगा आहे. नोंदीतल्या 'कॉम' या रकान्यात प्रोग्रामचं नाव असतं, म्हणून लोक तिथे नेम्ड शोधतात आणि काही सापडत नाही. बाइंड ९ आपल्या थ्रेडना 'आयएससी-नेट', 'आयएससी-वर्कर' अशी नावं देतो, आणि नोंद थ्रेडच्या नावाने होते. म्हणून शोधायचं ते 'नेम्ड_टी'.

नोंदीत चार गोष्टी वाचा. महिरपी कंसात काय करायचं होतं ते असतं, जसं वाचणं किंवा लिहिणं. 'एसकॉन्टेक्स्ट' म्हणजे कोणाला करायचं होतं, 'टीकॉन्टेक्स्ट' म्हणजे कशावर, आणि 'टीक्लास' म्हणजे ती वस्तू फाइल आहे, डिरेक्टरी की पोर्ट. 'टीकॉन्टेक्स्ट' मध्ये 'अ‍ॅडमिन_होम_टी' दिसलं तर लेबल चुकलं आहे, पायरी ३. 'नेम्ड_झोन_टी' वर लिहिण्याला नकार असेल तर जागा चुकली आहे, पायरी २. पोर्टाशी संबंधित असेल तर पायरी ४. बहुतेक सगळे नकार या तिघांतच बसतात.

न बसणाऱ्यांसाठी 'ऑडिटटूअलाऊ' नावाचं साधन आहे. ते नकार वाचून परवानगीचा नियम तयार करून देतं, आणि म्हणूनच ते नवख्याच्या हातात धोक्याचं. चुकीच्या लेबलाच्या नकारावर ते चालवलं, तर नियम तयार होतो : नेम्डने रूटच्या होम डिरेक्टरीतल्या फाइली वाचाव्यात. एका झोन फाइलीपायी तुम्ही पॉलिसीचं मूळच उपटलंत. त्याने दिलेला प्रत्येक नियम वाचा, आणि 'हे काम डीएनएस सर्व्हरने का करावं?' याला उत्तर सुचत नसेल तर तो बसवू नका.

नकाराची नोंदच नाही पण काम अडलंय, असंही होतं. पॉलिसीत काही नकार मुद्दाम मूक ठेवलेले असतात. 'सेमॉड्यूल' ला मोठा डी आणि मोठा बी देऊन ते तात्पुरते बोलते करता येतात. काम झालं की नुसता मोठा बी देऊन पूर्ववत करा, नाहीतर लॉग भरून वाहील.

अ‍ॅपआर्मरचे नकार कर्नलच्या लॉगमध्ये सापडतात. 'जर्नलसीटीएल' ला के द्या आणि 'डिनाइड' शोधा. प्रोफाइलचं नाव, फाइलचा पूर्ण मार्ग आणि मागितलेली परवानगी एकाच ओळीत असते. वाचायला हे एसईलिनक्सपेक्षा कितीतरी सोपं, हे मान्य करावं लागेल.

तपास करताना संपूर्ण यंत्राचं संरक्षण काढू नका. 'सेटएनफोर्स ०' हा सल्ला जिथे तिथे मिळतो, पण त्याने त्या यंत्रावरचं सगळंच मोकळं होतं. 'सेमॅनेज परमिसिव्ह' ला ए आणि 'नेम्ड_टी' द्या, म्हणजे फक्त नेम्डला सूट मिळेल आणि नकारांची नोंद चालू राहील. अ‍ॅपआर्मरवर हेच काम 'एए-कम्प्लेन' करतं. तपास संपला की डी पर्यायाने ती सूट काढा, अ‍ॅपआर्मरवर 'एए-एनफोर्स'.

पायरी ६ : मुद्दाम नकार मिळवा

चाचणी यंत्रावर एसआरव्हीखाली एक डिरेक्टरी करा, तिची मालकी नेम्डच्या युजरला द्या, म्हणजे पहिलं फाटक उघडं राहील. नेम्ड.कॉन्फमध्ये 'डंप-फाइल' चा मार्ग तिथला द्या, नेम्ड पुन्हा लोड करा आणि 'आरएनडीसी डंपडीबी' चालवा. फाइल तयार झाली नाही आणि लॉगमध्ये नकार आला, तर पॉलिसी काम करते आहे. फाइल तयार झाली तर पायरी १ कडे परत जा. बदललेला मार्ग नंतर पूर्ववत करायला विसरू नका.

हे काय अडवत नाही

जुलै २०१५ मध्ये बाइंडच्या टीकी (किल्ली ठरवण्याच्या संदेशाच्या) हाताळणीतली एक चूक जाहीर झाली, सीव्हीई-२०१५-५४७७. एका पॅकेटने नेम्ड स्वतःच बंद पडायचा. मॅक इथे काही करू शकत नाही, कारण प्रक्रियेने स्वतः थांबणं कोणत्याही नियमात निषिद्ध नाही. खोट्या उत्तरांनी कॅश बिघडवणं, कोणालाही उत्तरं देणारा खुला रिझॉल्व्हर, शिळी आवृत्ती, यांवरही पॉलिसी मूग गिळून बसते. नेम्डला जे लिहिण्याची परवानगी आहे, ते ताबा घेणाऱ्यालाही लिहिता येतं, म्हणजे डायनॅमिक झोन आणि त्या डिरेक्टरीतल्या किल्ल्या त्याच्या हाती पडू शकतात. झोनच्या सहीच्या किल्ल्या महत्त्वाच्या असतील तर सही करणारा सर्व्हर लोकांसमोर उघडा न ठेवता मागे लपवणं, हा त्यावरचा उपाय आहे.

शेवटी एक काम उरतं. तुम्ही केलेले बदल, म्हणजे बूलियन, पोर्ट, मार्गांची नोंद, सहा महिन्यांनी कोणाच्याच लक्षात नसतात. 'सेमॅनेज' च्या यादीला मोठा सी जोडला की फक्त स्थानिक बदल दिसतात, आणि 'सेमॅनेज एक्सपोर्ट' ते सगळे एका फाइलीत उतरवून देतं. ती फाइल नेम्ड.कॉन्फ जिथे जपता तिथेच जपा. अ‍ॅपआर्मर असेल तर लोकल डिरेक्टरीतली फाइल. नवा सर्व्हर उभा करताना आधी 'सेमॅनेज इम्पोर्ट', मग झोन फाइली, मग रिस्टोरकॉन, आणि त्यानंतर नेम्ड सुरू करा.